बायूकाठच्या प्रेमकथा आणि खूनकथा : पाणी काढून टाकलं तर काय उरतं?

खाडीकाठची

मंडळी, बाहेर पाऊस कोसळतोय, नवरा तेलाच्या रिगवर आहे, मुलं झोपलीत. चर्चेचा धागा काढायला याहून चांगला मुहूर्त मिळायचा नाही.

गेली दोन वर्षं मी लुइझियानाच्या बायू भागातल्या कादंबऱ्या सपाटून वाचतेय. प्रेमकथा, खूनकथा, दोन्हींची भेळ, हाताला लागेल ते. सुरुवात झाली एका सहलीने. आम्ही ह्यूस्टनला राहतो. तिथून पूर्वेला पाचेक तास गाडी हाणली की हूमा गाव येतं आणि हूमाच्या दक्षिणेला निघणारा रस्ता कोकोड्रीला जाऊन चक्क संपतो. पुढे आखात. त्या रस्त्याच्या कडेला ओकची झाडं उभी आहेत, मेलेली, पांढरी पडलेली, पान म्हणून नाही. खारं पाणी मुळांशी पोचलं की झाड उभ्या उभ्या जातं. घरं सगळी उंच खांबांवर. होडीतून फिरताना मी फोनवर नकाशा उघडला, तर आमचा निळा ठिपका जमिनीवर! आणि आम्ही तर पाण्यात. होडीवाले आजोबा माझ्या खांद्यावरून डोकावले आणि म्हणाले, "शा, नकाशा बरोबरच आहे. फक्त जुना आहे."

(शा म्हणजे फ्रेंच 'शेर'चं तिकडचं रूप, 'लाडके'सारखं. चिडू नका, तिथे किराणावाल्या मावशीही म्हणतात.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बायू म्हणजे नदीचा संथ फाटा, वाहतोय की थांबलाय ते कळू नये असा. शब्द मुळात चॉक्टॉ लोकांचा. आणि केजन म्हणजे आजच्या कॅनडातल्या अकेडिया भागातले फ्रेंच शेतकरी. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकावलं, कुटुंबंच्या कुटुंबं वेगवेगळ्या गलबतांत कोंबली, आणि वर्षानुवर्षं भटकून त्यातले काही हजार लुइझियानात येऊन टेकले. अकेडियनचं 'काद्यें' झालं, त्याचं केजन.

आता तक्रार. दर तिसऱ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर उघडाबंब नायक, मागे धुकं, झाडावरून लोंबणारं शेवाळ, कोपऱ्यात सुसर. आत एक जडीबुटीवाली आजी. पाणी म्हणजे नुसता नाटकाचा पडदा. म्हणून मी एक चाचणी काढली आहे. पुस्तक मिटलं की मी ती गोष्ट मनातल्या मनात उचलून कॅन्ससच्या गव्हाच्या शेतात नेऊन ठेवते. तिथेही ती तशीच चालली, तर ते बायूचं पुस्तक नाही.

पहिल्या फटक्यात उत्तीर्ण: जेम्स ली बर्क यांची डेव्ह रोबिशो मालिका. १९८७ ला 'द निऑन रेन'ने सुरू झाली. न्यू आयबेरिया गावचा केजन पोलीसवाला, व्हिएतनामहून आलेला, दारू सोडलेला (म्हणजे रोज सकाळी नव्याने सोडणारा), बायूवर भाड्याच्या होड्या आणि गळाला लावायच्या आमिषाचं दुकान. 'इन द इलेक्ट्रिक मिस्ट विथ कॉन्फेडरेट डेड' (१९९३) मध्ये दलदलीतून साखळीने बांधलेला सांगाडा वर येतो. रोबिशोने तरुणपणी डोळ्यांनी पाहिलेला खून, ज्यावर तेव्हा कोणी विश्वास ठेवला नव्हता. पाण्याने पस्तीसेक वर्षं पोटात ठेवलं आणि पातळी उतरली तेव्हा परत केलं. गव्हाच्या शेतात हे जमत नाही.

तर पुस्तकं सुचवा. चाचणी लावून सुचवा.

चिंचगूळ

रुमाल टाकतेय. मुलीचा अभ्यास घेऊन येते.

शेवटचं_पान

वाचनखूण साठवली. मी रहस्यकथांचं शेवटचं पान आधी वाचतो हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे, त्यामुळे माझ्यापासून जपून.

चिंचगूळ

आले. खाडीकाठची, चाचणी झकास आहे, पण ती फक्त आमच्या प्रेमकथांना लावणार असशील तर भांडण आहे. तुझा रोबिशो दर पुस्तकात कोणाला तरी बदडून काढतो, दर पुस्तकात पश्चात्ताप करतो, दर पुस्तकात सूर्यास्ताची दोन पानं असतात. ते साहित्य. आणि नायकाने एकदा शर्ट काढला की लगेच 'साचेबद्ध'?

माझ्याकडून नोरा रॉबर्ट्सचं 'मिडनाइट बायू' (२००१). बॉस्टनचा एक वकील नोकरी, ठरलेलं लग्न, सगळं सोडून न्यू ऑर्लिन्सजवळचा पडका वाडा विकत घेतो. वाड्यात शंभर वर्षांपूर्वी एक केजन मोलकरीण घराची सून झालेली. ती मारली गेली, प्रेत बायूत गेलं, आणि घरच्यांनी सांगितलं की ती बाळाला टाकून कुणाबरोबर पळाली. इथे तुझी चाचणी लागते बघ. प्रेत सापडलं असतं तर 'पळून गेली' म्हणता आलं असतं का? गरीब घरची सून, कोण विचारणार, आणि पाणी तर गप्प. पुढची शंभर वर्षं तिच्या माहेरची माणसं तेवढी एक गोष्ट धरून बसतात की आमची पोर बाळाला सोडून जाणारी नव्हती.

शेवटचं_पान

आणि त्यातला पुनर्जन्म? तो कोणी सांगायचा?

चिंचगूळ

तू नाही!

शेवटचं_पान

अर्धवट सांगतो. आपल्या सिनेमांत पुनर्जन्म झाला तरी नायकाची मिशी तशीच राहते. या बाईंनी तेवढं गृहीत धरलेलं नाही. झालं, गप्प बसतो.

खाडीकाठची

चिंचगूळ, मान्य. तो मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी ते पुस्तक मुखपृष्ठ बघून परत ठेवलं होतं. उद्याच आणते.

सूर्यास्ताबद्दल मात्र काही ऐकून घेणार नाही. बर्कचे सूर्यास्त मी परत परत वाचते.

मु_पो_बॅटनरूज

नमस्कार. चौदा वर्षं लुइझियानातच मुक्काम. धागा भरकटून त्याचं काश्मीर व्हायच्या आत काही गोष्टी सांगून टाकतो, कारण पुढे कोणीतरी 'ट्रू ब्लड' मालिकेतल्या सूकीचं नाव काढणारच. ते गाव उत्तर लुइझियानातलं दाखवलंय, आणि उत्तर लुइझियाना म्हणजे बॅप्टिस्ट, पाइनची झाडं, टेकड्या. केजन मुलूख दक्षिणेला. आमच्या राज्यात परगण्याला 'पॅरिश' म्हणतात, एकूण ६४, त्यातले २२ अधिकृतपणे 'अकेडियाना'. दोन्ही भागांत तितकाच फरक आहे जितका वेंगुर्ल्यात आणि वाशीमात. एकाच राज्यात आहेत एवढंच.

दुसरं, 'व्हेअर द क्रॉडॅड्स सिंग' (२०१८). ती उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरची गोष्ट. सिनेमा (२०२२) मात्र आमच्याकडे, हूमा आणि न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात चित्रित केला, म्हणून गोंधळ होतो. आणि तिथली ती 'मार्श', म्हणजे गवताची पाणथळ. झाडं उभी असतील तर 'स्वॉम्प'. बायू या दोन्हींमधून जाणारा पाण्याचा रस्ता. लेखकाने हे तीन शब्द अदलून-बदलून वापरले की समजावं, साहेब विमानतळापासून हॉटेलपर्यंत आले आणि परत गेले.

तिसरं, ते लोंबणारं शेवाळ हे शेवाळ नाहीच. अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. झाडाचं रक्त वगैरे शोषत नाही, हवेतल्या ओलाव्यावर जगते. एका प्रेमकथेत नायिका 'या शेवाळासारखा तू मला शोषून घेतलंस' म्हणते तिथे मी पुस्तक मिटलं.

चिंचगूळ

हाहाहा. नाव सांगा, वाचायलाच हवं.

मु_पो_बॅटनरूज

नाव विसरलो, खरंच. विमानतळावर घेतलं होतं.

तिसरा_मजला

मी सहसा लिहीत नाही, वाचत असते. तीस वर्षं नागपुरात इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त. आपण सगळे नव्या पुस्तकांबद्दल बोलत आहात, परंतु या मुलखाची मूळ प्रेमकथा कादंबरी नाही, काव्य आहे. लाँगफेलोचं 'इव्हॅन्जेलिन', १८४७.

कथा अशी. अकेडियातून हुसकावताना नवपरिणीत होऊ घातलेले इव्हॅन्जेलिन आणि गॅब्रिएल वेगवेगळ्या जहाजांवर चढवले जातात. ती त्याला शोधत लुइझियानात येते. अॅचाफालाया नदीच्या पाण्यात एका बेटाशी तिची नाव दिवसा विसाव्याला लागते, विलोच्या फांद्यांखाली, बाहेरून दिसू नये अशी. रात्रभर वल्हवून दमलेले सगळे गाढ झोपलेले असतात. आणि त्याच वेळी बेटाच्या दुसऱ्या अंगाने एक हलकी नाव झपाझप उत्तरेकडे निघून जाते. त्यात गॅब्रिएल. मधे फक्त पामेटोची झुडपं.

मी हे वर्गात वाचून दाखवत असे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा चुळबुळ थांबवत. एकदा एका मुलाने विचारलं होतं, "मॅडम, कुत्रा तरी भुंकला नाही का?" मला उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही.

पुढे तिचं आयुष्य शोधात जातं. म्हातारपणी फिलाडेल्फियात साथीच्या रोग्यांची शुश्रूषा करताना तिला तो सापडतो, मरणाच्या दारात. खाडीकाठची यांच्या चाचणीत हे काव्य पैकीच्या पैकी गुण घेतं असं मला वाटतं, कारण सरळ रस्ता असता तर ते भेटलेच असते. पाण्याला शंभर वाटा असतात.

गंमत म्हणजे लाँगफेलो लुइझियानात कधीही गेला नाही. मिसिसिपीचं एक फिरतं चित्र बॉस्टनला आलं होतं, कापडाच्या प्रचंड गुंडाळीवर रंगवलेलं, ते त्याने पाहिलं, काही ग्रंथ चाळले, आणि लिहिलं.

खाडीकाठची

तिसरा_मजला ताई, दंडवत. 'कुत्रा तरी भुंकला नाही का'... मी ऑफिसात बसून वाचतेय आणि डोळे पुसतेय.

आणि सेंट मार्टिनव्हिलला 'इव्हॅन्जेलिन ओक' पाहिलाय मी. बायू टेशच्या काठावर. चर्चजवळ तिचा पुतळाही आहे, चेहरा १९२९ च्या सिनेमातल्या नायिकेचा, डोलोरेस देल रिओचा. कधी नव्हतीच अशा बाईचा पुतळा, आणि समोर लोक फुलं ठेवतात.

मु_पो_बॅटनरूज

तिसरा_मजला, लाँगफेलो आला नाही म्हणून मी वर मारलेला हॉटेलवाला टोमणा मागे घ्यावा लागतोय की काय! घेतो अर्धा.

काळ्या_कोटातला

मला प्रेमकथेत गती नाही. खुनाचं कारण काय, एवढंच मी बघतो. आणि लुइझियानाइतकी सुपीक जमीन (की पाणी?) या बाबतीत क्वचित सापडेल.

एक. बाकी ४९ राज्यं इंग्लिश कॉमन लॉची (न्यायालयांच्या निवाड्यांतून घडलेल्या कायद्याची), या एका राज्याचा दिवाणी कायदा फ्रेंच-स्पॅनिश परंपरेतला. तिथे बापाला मुलांना मृत्युपत्राने साफ बेदखल करता येत नसे, ठरावीक हिस्सा द्यावाच लागे. १९९० च्या दशकात हा हक्क २३ वर्षांपर्यंतच्या आणि स्वतःचं स्वतः पाहू न शकणाऱ्या मुलांपुरता आखडला. म्हणजे गोष्ट १९७० सालची असेल तर नावडत्या मुलाला मारण्याखेरीज बापापुढे... असो.

दोन, आणि हे खरं रत्न. तिथे नौकानयनायोग्य पाण्याच्या तळाची मालकी सरकारची. तुमची जमीन धुपून धुपून उघड्या पाण्याखाली गेली की मालकीही गेली, आणि जमिनीखाली तेल किंवा वायू असेल तर त्याचाही प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे मळईच्या जमिनीवरून भावाभावांत डोकी फुटतात ती नदीने दिलेल्या जमिनीवरून. तिथे भांडण नदीने नेलेल्या जमिनीवरून. विचार करा: म्हाताऱ्याच्या सातबाऱ्यावर (तिकडे जे काही असेल ते) चारशे एकर आहे, प्रत्यक्षात दीडशे उरलीय, आणि मोजणी अधिकारी पुढच्या सोमवारी यायचाय. तो रविवारी बुडून मेला. अपघात? मला ही कादंबरी कोणीतरी आणून द्या. नसेल तर लिहा.

शेवटचं_पान

मोजणी अधिकाऱ्याला म्हाताऱ्याच्या नातीने मारलं. मी शेवटचं पान वाचलंय.

खाडीकाठची

काळ्या_कोटातला, हेच ते! माझा तो नकाशातला निळा ठिपका! लुइझियानाने १९३० च्या दशकापासून सुमारे ५,००० चौरस किलोमीटर किनारा गमावलाय. मिसिसिपीला बांध घातल्यामुळे गाळ यायचा थांबला, तेल कंपन्यांनी कालवे खणले त्यातून खारं पाणी आत शिरलं, वादळांनी उरलेलं केलं. 'ईल द जाँ शार्ल' या बेटाचा तर ९८ टक्के भाग गेला, तिथल्या मूळ रहिवाशांना आत हलवण्यासाठी २०१६ ला सरकारने ४ कोटी ८० लाख डॉलर दिले. जमीनच नाहीशी होतेय त्या जागी 'मृतदेह कुठे पुरला' हा प्रश्न केवढा वेगळा होतो.

टॅमी होगच्या 'लकीज लेडी'त (१९९२) याचा नातेवाईक शोभेल असं कथानक आहे. आजोबा रुसून दलदलीत जाऊन बसलेत, शहरात मानसोपचारतज्ज्ञ असलेली नात परत येते, वाट दाखवायला नायक लकी, आणि मागे घरच्या मळ्यावर डोळा ठेवून असलेली रसायन कंपनी. नायक उघडाबंब आहेच, चिंचगूळ.

चिंचगूळ

वाचलंय. लकीला मी माफ केलंय.

पण टॅमी होगचं खरं पुस्तक 'अ थिन डार्क लाइन' (१९९७). बलात्कार आणि खुनाचा आरोपी पुराव्याच्या घोळामुळे सुटतो. त्याच रात्री तपास करणारा डिटेक्टिव्ह निक फोर्काड त्याला मरेस्तोवर हाणत असतो, आणि गस्तीवरची अॅनी ब्रूसार्ड तिथे पोचते. ती काय करते? आपल्याच माणसाला अटक करते! दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात तिचं जिणं हराम. सगळ्या गावाला वाटतं तिने नको तिथे नियम दाखवला. आणि नंतर तिला त्या फोर्काडबरोबरच तपास करायचाय. प्रेम इथे हळूहळू, नाइलाजाने येतं.

आता तुझी चाचणी लावते. कॅन्ससला नेली तर ही गोष्ट चालेल. खरंच चालेल, मी प्रामाणिक आहे. पण मग काय, हे बायूचं पुस्तक नाही? त्यातलं गाव आठव. शेरीफच्या ऑफिसातल्या प्रत्येकाचा कोणीतरी मामा, कोणीतरी आतेभाऊ. अॅनी ज्या मामांकडे वाढली त्यांचं बायूकाठचं दुकान. सत्य बोलली म्हणून गाव तिच्याकडे पाठ फिरवतं तेव्हा ती जाणार कुठे? पाणी नसेल, पण माणसं तर तिथलीच आहेत ना.

काळ्या_कोटातला

चिंचगूळबाईंशी सहमत. चाचणीत दुरुस्ती हवी.

तिसरा_मजला

या निमित्ताने केट शोपॅनचं नाव घेते. 'अॅट द केडियन बॉल' (१८९२) आणि तिचाच पुढचा भाग 'द स्टॉर्म'. कथा आहेत, कादंबऱ्या नाहीत, क्षमस्व.

पहिलीत श्रीमंत क्रिओल (जुन्या फ्रेंच-स्पॅनिश वसाहतवाल्यांचा वंशज) जमीनदार अॅल्से नाचाला येतो आणि केजन मुलगी कॅलिक्स्टाच्या मागे लागतो. त्याच्या बरोबरीच्या घरातली क्लॅरिस त्याला न्यायला आली, की तो एका क्षणात निघून जातो, कॅलिक्स्टाकडे वळूनही न बघता. कॅलिक्स्टा मग साध्याभोळ्या बोबिनोला होकार देते. दुसरीत काही वर्षं उलटलेली. वादळात अॅल्से आडोशाला कॅलिक्स्टाच्या घरी येतो, घरी ती एकटीच. नवरा मुलाला घेऊन दुकानात अडकलेला, आणि तिथे तो तिच्यासाठी कोळंबीचा डबा विकत घेतो, तिला आवडते म्हणून. तो डबा मला छळतो. चिखलाने माखलेले बाप-लेक बायको ओरडेल म्हणून दाराबाहेर पाय खरवडत उभे, बोबिनोच्या हातात डबा.

ही कथा तिने १८९८ मध्ये लिहिली आणि छापायला पाठवलीच नाही. छापली गेली १९६९ मध्ये, लेखिका जाऊन पासष्ट वर्षं झाल्यावर.

खाडीकाठची

ताई, इथे क्रिओल आणि केजन हा भेद किती बारीक आहे! दोघेही फ्रेंच बोलणारे, दोघेही कॅथलिक, नाच एकाच अंगणात. पण लग्न नाही.

मु_पो_बॅटनरूज

आणि १९२१ च्या राज्यघटनेने शाळेत फक्त इंग्रजी केल्यावर तीच फ्रेंच बोलल्याबद्दल केजन पोरांना फळ्यावर 'मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही' असं शंभरदा लिहायला लावत. इथल्या आजी-आजोबांच्या पिढीने ते भोगलंय. त्यांनी आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणंच सोडलं. १९६८ ला सरकारने फ्रेंच वाचवायला मंडळ काढलं, तोवर घरातली भाषा म्हाताऱ्यांपुरती उरली होती. म्हणून कादंबरीतला तिशीतला नायक दर वाक्याला फ्रेंच फेकतो तेव्हा मला हसू येतं. त्याला ती येत असेल तर शाळेत शिकलेला असणार, आणि आजी त्याच्या उच्चारांना हसत असणार.

अवांतर: हा तुमचा रोबिशोचा न्यू आयबेरिया. तिथल्याच ब्रूसार्ड नावाच्या खासदाराने १९१० मध्ये अमेरिकी संसदेत विधेयक आणलं होतं की आफ्रिकेतून पाणघोडे आणून लुइझियानाच्या बायूंत सोडावेत. जलपर्णी खातील आणि मांसही मिळेल. पास झालं नाही. झालं असतं तर प्रेमकथांची मुखपृष्ठं कशी असती याची कल्पना करा.

चिंचगूळ

उघडाबंब नायक, मागे पाणघोडा. मी घेतलं असतं.

शेवटचं_पान

जलपर्णी म्हणजे आमच्या पवनेत आहे तीच का?

मु_पो_बॅटनरूज

तीच. जांभळी फुलं बघून फसू नका.

काळ्या_कोटातला

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला होता)

जुनापुस्तकवाला

उशिरा आलो. सगळे पाण्याबद्दल बोलताहेत म्हणून एका कोरड्या पुस्तकाबद्दल बोलतो. अर्नेस्ट गेन्सचं 'अ गॅदरिंग ऑफ ओल्ड मेन' (१९८३).

ऊसमळ्यावर बो बूताँ नावाचा केजन गोळी लागून पडलाय, ट्रॅक्टर चालूच आहे. पडलाय तो एका काळ्या म्हाताऱ्याच्या, मॅथूच्या, अंगणात. शेरीफ येतो तर काय, अंगणात दीड डझन म्हातारे बसलेत, सत्तरी-ऐंशीतले, प्रत्येकाच्या हातात एकाच जातीची बंदूक, एकाच क्रमांकाची रिकामी काडतुसं, आणि प्रत्येक जण म्हणतोय, "मी मारला." खून कोणी केला हे कोणी सांगत नाही म्हणून रहस्य, हे नेहमीचं. इथे सगळेच सांगताहेत. आणि प्रत्येक म्हातारा 'का मारला' हे सांगताना चाळीस वर्षांपूर्वीचं काहीतरी काढतो. ज्या दिवशी काहीच केलं नव्हतं, तो दिवस.

गेन्स स्वतः पॉइंट कूपी पॅरिशमधल्या मळ्यावर जन्मलेला, काळ्या कुळांच्या वस्तीत. आतापर्यंतच्या सगळ्या पुस्तकांत केजन म्हणजे बिचारे, हुसकावलेले, होडीवाले, नाचगाण्याचे. या म्हाताऱ्यांच्या अंगणातून बघितलं की तेच केजन ट्रॅक्टर घेऊन आलेले आहेत. मळ्याचा मालक चांगली जमीन त्यांना कसायला देतो, काळ्या कुळांच्या वाट्याला उरलेली, आणि ट्रॅक्टर फिरत फिरत यांच्या पूर्वजांच्या कबरींपर्यंत आलाय. मेलेल्याचा बाप फिक्स बूताँ रात्री माणसं घेऊन येणार, ही भीती सगळ्या पुस्तकावर. आणि मेलेल्याचा भाऊ गिल, विद्यापीठात फुटबॉल खेळतो, त्याचा जोडीदार काळा, पेपरवाले दोघांना 'मीठ आणि मिरी' म्हणतात. तो घरी येऊन बापासमोर उभा राहतो ते प्रकरण मी तीनदा वाचलंय.

चाचणी? पाणी एक थेंब नाही, ऊस आहे. गोष्ट मात्र तिथून हलवता येत नाही.

खाडीकाठची

...

जुनापुस्तकवाला, मी हे पुस्तक वाचलेलं नाही, आणि माझी चाचणी इथे मोडली. मी होडीत बसून बायू बघत होते. काठावर कोण उभं आहे ते बघितलंच नव्हतं. नकाशा तर जमिनीचाच असतो, तेही विसरले.

चाचणी बदलते. गोष्ट उचलून दुसरीकडे ठेवता आली तर नापास. पाणी असो की ऊस.

चिंचगूळ

म्हणजे माझी अॅनी पास?

खाडीकाठची

अॅनी पास. ग्रेस मार्कांनी.

शेवटचं_पान

आमच्या कॉलेजच्या काळात मुली व्ही. सी. अँड्रूजच्या नावावरचं 'रूबी' (१९९४) लपवून वाचायच्या. हूमाकडची केजन पोर, आजी 'ट्रेतर' म्हणजे मंत्र-पाल्याने बरं करणारी, न्यू ऑर्लिन्सच्या श्रीमंतांकडे हरवलेली जुळी बहीण. गंमत अशी की तोवर अँड्रूजबाई जाऊन सातेक वर्षं झाली होती. पुस्तक लिहिलं अँड्रू नायडरमन या गृहस्थांनी. मला तर हेच त्या पुस्तकातलं सगळ्यात मोठं रहस्य वाटतं.

मु_पो_बॅटनरूज

ट्रेतर अजूनही आहेत. पैसे घेत नाहीत आणि त्यांना 'थँक यू' म्हणायचं नसतं, म्हटलं तर गुण येत नाही म्हणतात. हे ज्या कादंबरीत बरोबर असेल तिच्या लेखकाने निदान एका आजीशी गप्पा मारल्यात असं समजा. 'रुगारू'चंही तसंच. माणसाचा लांडगा होतो तो. दारात तेरा वस्तू मांडून ठेवायच्या, त्याला बारापर्यंतच मोजता येतं, तेराव्याला अडकून तो पुन्हा पहिल्यापासून मोजत बसतो, तोवर उजाडतं.

काळ्या_कोटातला

आमच्या तालुका कोर्टात असे दोन-तीन आहेत.

जुनापुस्तकवाला

खाडीकाठची, तुम्ही बर्क परत परत वाचता म्हणता. 'द टिन रूफ ब्लोडाउन' (२००७)?

खाडीकाठची

तेच एक राहिलंय. कत्रिना वादळावरचं ना? मुद्दाम मागे ठेवलंय. २००५ च्या जुलैत मी मुंबईत होते, सव्वीस तारखेला कुर्ल्याहून चालत घरी गेले. महिनाभराने टीव्हीवर न्यू ऑर्लिन्स पाहिलं तेव्हा बघवेना, बंद केला.

जुनापुस्तकवाला

वाचा. त्यात एक पाद्री आहे, चर्चच्या माळ्यावर अडकलेल्या लोकांसाठी छताला भोक पाडायला होडी घेऊन गेलेला. त्याची होडी पळवली जाते. पुढचं सगळं रहस्य, चोरीचे हिरे, गुंड, गोळीबार, त्या एका होडीभोवती फिरतं.

माझ्याकडे एक प्रत आहे, हवी असेल तर पाठवतो. मात्र आधीच सांगतो, सांगलीचं दुकान आहे, २०१९ च्या पुराआधीची प्रत. पुस्तक खालून दुसऱ्या फळीवर उभं होतं. प्रत्येक पानाच्या तळाच्या तीन-चार ओळींवर तपकिरी रेघ आहे. अक्षरं फिकी झालीत, पण लागतात. किंमत लावलेली नाही.

खाडीकाठची

पाठवा. पत्ता खाजगी निरोपात कळवतेय.

शेवटचं_पान

शेवटचं पानही भिजलंय का?

जुनापुस्तकवाला

सगळीच. तळाशी.